टाकीबाबांची कडी

"पेट्रोल का जळतं? कारण ते अशांत असतं!" टाकीबाबांनी एका गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. "ही सिद्ध कडी पेट्रोलच्या नळीला बांधा. पेट्रोल शांत होतं. आणि शांत पेट्रोल कमी जळतं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाजारामागच्या पार्किंगमध्ये त्या सुट्टीच्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पेट्रोल, विमा, टायर, दुरुस्ती... गाडी म्हणजे दारात बांधलेला पांढरा हत्ती! तो कमी खाईल म्हटल्यावर कोण धावणार नाही?

गर्दीत गाडी शिकवणारी मास्तरीण हाताची घडी घालून उभी होती. शांत पेट्रोल म्हणे! उद्या दुधाला शांत करतील आणि ते उतू जायचं थांबेल! तिचा थोरला भाऊ मात्र पहिल्या रांगेत, हात खिशात. त्या खिशात ब्रेक बदलायचे पैसे होते. गाडी थांबताना किंचाळत होती आणि त्याच गाडीतून तिच्या दोन्ही भाच्या रोज शाळेचा उतार उतरत होत्या.

"दादा, आधी ब्रेक!"

"अगं, कडीने वाचेल त्यात ब्रेकही येतील."

कडी पिवळ्या फडक्यात बांधून मिळाली. सोबत पथ्य. "साठच्या वर पळवायची नाही. दर आठवड्याला चाकांत हवा. डिकीत ओझं नको. उभ्या गाडीचं इंजिन बंद. फडकं सोडायचं नाही आणि चाळीस दिवस गॅरेजवाल्याचा हात लागू द्यायचा नाही. पथ्य मोडलंत की कडी रुसते!"

मास्तरीण चमकली. साठ, हवा, डिकी, इंजिन... हे तर ती रोज घसा फोडून फुकट सांगते! तेव्हा हीच मंडळी जांभया देतात.

पहिली टाकी संपली तसा दादा नाचतच घरी आला. "बाराची गाडी पंधरा गेली लिटरला!"

"आणि ब्रेक?"

"चाळीस दिवस थांब. कडी रुसेल."

वहिनीनेही सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. मग मास्तरणीने दोन गोष्टी केल्या. भाच्यांना शाळेत सोडायचं काम स्वतःकडे घेतलं. आणि दादाची गाडी धुवायच्या निमित्ताने कडी काढून फडकं पुन्हा जसंच्या तसं बांधलं. त्यानंतर रोज दादा घरी येईपर्यंत तिचा जीव टांगणीला असायचा.

दुसरी टाकी संपल्यावर बाबांनी दादाला त्याच पार्किंगमध्ये, गाडीसकट सगळ्यांसमोर उभं केलं. "सांगा, आता किती?"

"साडेपंधरा!"

"दादा, बॉनेट उघड आणि नळीवरचं फडकं सोड," मास्तरीण म्हणाली.

"हां हां, ताई!" बाबा ओरडले, पण दादाने गाठ सोडली होती. आतून नळाचा रबरी वायसर निघाला.

"अगं बाई!" दादाशेजारी उभी असलेली वहिनी म्हणाली. "म्हणून मोरीतला नळ गळतोय!"

मास्तरणीने पर्समधून कडी काढली. "टाकीभर ही इथे होती. माझ्या पर्सचं ॲव्हरेज काही वाढलं नाही."

लोक खो खो हसले. बाबांनी घाम पुसला. "प्रभाव गाडीत मुरलेला असतो, ताई!"

"बरं. मग कडी बांधून, पथ्य सोडून कोणी गाडी चालवली आहे का?"

मागून औषधांच्या दुकानवाल्याने चाचरत हात वर केला. "मी. महिनाभर कडी आहे. पथ्य नाही जमलं. थेंबभर वाचलं नाही. वाटलं, माझंच चुकलं."

"मलाही तसंच वाटलं," आणखी कोणीतरी म्हणालं. बघता बघता आठ-दहा हात वर झाले. सगळे इतके दिवस लाजून गप्प बसले होते.

"बघा," मास्तरीण म्हणाली, "वाचलं तर कडीचा गुण, नाही वाचलं तर तुमचं पाप. गुण पथ्याचा होता, पैसे मोजलेत कडीला."

लोक वळून पाहतात तो बाबांची पिशवी आणि बाबा, दोन्ही गायब.

दादा तिथूनच बहिणीला घेऊन गॅरेजमध्ये गेला. मेकॅनिकने जुना ब्रेक पॅड त्याच्या तळहातावर ठेवला. झिजून नुसता पत्रा उरला होता. दादाने तो बहिणीपुढे धरला.

"म्हणून मुलींना तू सोडत होतीस?"

"मग काय, हौस होती मला? तुला मात्र नाही रे थांबवू शकले. रोज भीती वाटायची."

दादाने पॅड खिशात टाकला. "मी एवढा कसा फसलो गं?"

"ॲव्हरेज खरंच वाढलं होतं, म्हणून. चमत्कार दिसला ना, की एकदा तो गुपचूप काढून बघायचा. काढल्यावरही सगळं तसंच चाललं, तर तो चमत्कार नव्हता."

दुसऱ्या दिवशी भाच्या दादाच्या गाडीत बसल्या. शाळेच्या उतारावर त्याने ब्रेक दाबला. गाडी न किंचाळता थांबली.