खालून कापलेला परिच्छेद

सकाळी साडेदहा वाजता शेजारच्या मोकळ्या प्लॉटभोवती पत्रे ठोकायला सुरुवात झाली.

चौथ्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये ताई फरशीवर गुडघे टेकून माप घेत होती. टेपचं दुसरं टोक भावोजींच्या हातात होतं. पहिला ठोका कानावर पडला तसं तिनं वर पाहिलं.

"काय करतायत रे, छोट्या?"

छोट्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. पन्नाशीला आलेला, केस मोजकेच उरलेले. शहरातल्या दैनिकाच्या घरबांधणी पुरवणीत दर शनिवारी त्याचं नाव छापून येत असे. तो खिडकीत उभा होता. खाली कामगार टेम्पोतून निळे पत्रे उतरवत होते. कोपऱ्यात पाटीचा खांब रोवून झाला होता, पाटी अजून लागायची होती.

"कुंपण घालत असतील," तो म्हणाला.

"घालू देत की. निदान कचरा तरी टाकणार नाही कुणी." ताई पुन्हा मापाला लागली. "मशीन इथंच. खिडकीला काटकोनात. म्हणजे ऊन डाव्या हातावरून येतं, सुईवर सावली पडत नाही."

"आता सूर्यसुद्धा मोबाइलवर बघून घ्यायचा," भावोजी म्हणाले. "पेपरवाल्यांची कृपा."

छोट्या हसला, आणि आपण हसलो याची त्याला लाज वाटली.

ताई कपडे शिवते. आजवर तळमजल्यावरच्या एका खोलीत, ट्यूबलाइटखाली. काळ्या कापडावर काळा दोरा चालवायचा म्हटलं की हल्ली ती काम परत पाठवते. चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला तेव्हा डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, दिवसाच्या उजेडात काम करा, नाहीतर सोडा. ती खोली विकून, उरलेल्या रकमेचं कर्ज काढून हे घर घ्यायचं ठरलं ते त्या उजेडासाठी. आणि उजेड तिला दाखवला होता छोट्यानं.

म्हणजे त्याच्या लेखानं. घर घेणाऱ्यांसाठी नवं अ‍ॅप आलं होतं. फोनवर फ्लॅट निवडायचा, महिना निवडायचा, बोट सरकवायचं. फरशीवरचा उन्हाचा पिवळा चौकोन सकाळपासून संध्याकाळपर्यंत कसा फिरतो ते दिसतं. पत्रकारांना प्रात्यक्षिक दाखवलं ते ह्याच इमारतीवर. छोट्यानं तिथं एक प्रश्न विचारला होता, आणि तो चांगला प्रश्न होता: शेजारी नवी इमारत आली तर? अ‍ॅप बनवणारा इंजिनिअर म्हणाला, आज जे उभं आहे तेवढंच आम्ही धरतो. शेजारच्या प्लॉटचा नकाशा मंजूर झालाय असं ऐकतो, पण ते ह्यात येत नाही.

छोट्यानं हे लिहिलं. शेवटच्या परिच्छेदात.

पुरवणीत मजकूर खालून कापतात. जाहिरात ऐनवेळी मोठी होते, बातमी लहान होते, आणि कात्री नेहमी शेपटावर चालते. म्हणून जे छापून यायलाच हवं ते वर लिहायचं, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. छोट्यालाही होतं. ज्या बिल्डरची जाहिरात त्याच पानावर होती, त्याला खुपणारी ओळ त्यानं मुद्दामच तळाशी ठेवली. लिहिली नाही असं कुणी म्हणू नये, आणि उडालीच तर ती पान लावणाऱ्यानं उडवलेली असावी. पण त्या शुक्रवारी पान लावणारा आजारी होता. जाहिरात मोठी झाली. परिच्छेद छोट्यानंच स्वतःच्या हातानं उडवला, आणि चहा प्यायला गेला.

पुढं महिन्याभरानं ताईचा फोन आला. "तुला चकित करायचं होतं. इसार देऊन आलो. तुझा लेख वाचूनच घेतलं हं घर!" तिचा आवाज इतका फुलला होता की त्याच्या तोंडून "वा!" एवढंच निघालं. मग दर खेपेला बोलू म्हणता म्हणता आजचा, खरेदीखताच्या नोंदणीचा दिवस उजाडला.

खालच्या विक्री कार्यालयात कागद घ्यायला तिघं गेली. तिथल्या मुलीनं छोट्याला लगेच ओळखलं.

"सर! तुमच्या लेखानंतर फोन थांबेनात. काकू, तुम्ही सरांच्या कोण?"

"मोठी बहीण," ताई म्हणाली. तिनं पर्समधून कात्रण काढलं. कडा दुमडून त्याला पातळ अस्तर चिकटवलेलं, फाटू नये म्हणून. "हे बघ. जपून ठेवलंय."

छोट्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आता तरी, असं म्हणून त्यानं आडून सुरुवात केली.

"ह्या अ‍ॅपमध्ये मंजूर झालेली, पण न बांधलेली इमारत दिसते का हो?"

मुलगी गोंधळली. "सर, हे तर तुम्हीच विचारलं होतं ना? प्रात्यक्षिकाच्या दिवशी? मी मागंच उभी होते. शेजारच्या प्लॉटचं."

बाहेर पत्र्यावर घाव पडत होते. भावोजींनी कागद टेबलावर ठेवले.

"शेजारच्या प्लॉटचं काय?"

छोट्या काही बोलायच्या आत ताईच बोलली, आणि तीही मुलीकडे बघून.

"अगं, त्याला रोजची सतरा कामं असतात. राहिलं असेल सांगायचं."

लहानपणी काच फोडली तरी ती हेच करायची. तेव्हा बरं वाटायचं. आत्ता त्याला जमिनीकडेही बघवेना. तिनं कात्रण परत पर्समध्ये ठेवलं, तेही घडीला घडी जुळवून.

रिक्षात त्यानं सगळं सांगितलं. तळाचा परिच्छेद, कात्री, "वा!" सुद्धा. भावोजी रस्त्याकडे बघत राहिले. ताईनं एकच विचारलं.

"किती मजली?"

"काय?"

"ती होणारी इमारत. दोन मजली असेल तर माझं ऊन कुठं जात नाही. किती मजली आहे?"

छोट्या म्हणाला, "विचारलं नाही मी."

"मेव्हणे, वीस वर्षं काय विचारताय मग लोकांना?" भावोजी म्हणाले. त्यावर कुणी हसलं नाही.

नोंदणी कचेरीत बाकं भरली होती. छोट्यानं जिन्यात उभं राहून नगररचना खात्यातल्या ओळखीच्या कारकुनाला फोन लावला. नकाशाची फाइल साहेबांच्या कपाटात आहे, साहेब पाहणीला गेलेत, आले की बघून कळवतो, असं कारकून म्हणाला. इंजिनिअरचा फोन बंद होता. विक्रीवाली मुलगी म्हणाली, सर, मला खरंच माहीत नाही, आणि तिचा आवाज खरा वाटला.

तो परत आला तेव्हा ताई फोनवर पिवळा चौकोन पुढंमागं सरकवत होती.

"सही करू का नको?" तिनं विचारलं. "तू सांग. तुला कळतं ह्यातलं."

ती टोमणा मारत नव्हती. मारला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"मला माहीत नाही, ताई. नगररचनेतला कारकून फोन करून कळवणार आहे."

तीन वाजून दहा मिनिटांनी त्यांचा नंबर पुकारला गेला. ताई उठली, खिडकीपाशी गेली, आणि मागच्या जोडप्याला आधी जाऊ द्या म्हणून सांगून परत बाकावर बसली. भावोजी पाणी आणायला गेले. कचेरी पाचला बंद होते. साडेचारपर्यंत कारकुनाचा फोन आला नव्हता.