हिलालचा इंटरेस्ट

माझा भाऊ हिलाल डोक्याने कमी नाही. पण कुठलीही गोष्ट त्याच्या डोक्यात अर्धी शिरते आणि उरलेली अर्धी बाहेर चपला काढत बसते.

सोनालीच्या ॲडमिशनचंच बघा. सोनाली त्याची एकुलती एक पोर, माझी भाची. मला ती आमच्या खानदेशी पद्धतीने फुई म्हणते. बारावी झाल्यावर तिने इथे सुरतेतच, वेसूकडच्या एका कॉलेजात कापडाच्या डिझाइनच्या कोर्सला फॉर्म भरला. जागा तीस आणि फॉर्म चारशे. आमच्या डिंडोलीच्या सोसायटीत दीपक नावाचा मुलगा कॉम्प्युटरचे क्लास घेतो, त्यानेच फॉर्म भरून दिला आणि उठता उठता म्हणाला, "हिलालकाका, तिथे नुसते मार्क नाही बघत. पोरीला खरंच यायचंय का, तेही बघतात. इंटरेस्ट दाखवावा लागतो."

पुढे तो कॉलेज बघून येण्याबद्दल, मुलाखतीत काय बोलावं याबद्दल बरंच सांगत होता. ते सगळं चपला काढत बसलं.

हिलालला इंटरेस्ट दाखवायची एकच रीत माहीत. तीस वर्षांपूर्वी तो अमळनेरकडून सुरतेला आला, तेव्हा पांडेसऱ्यात मिलच्या गेटवर उभं राहूनच काम मिळायचं. अर्ज नाही, चिठ्ठी नाही. रोज पाळी बदलायच्या वेळेला जायचं आणि मुकादमाला तोंड दाखवायचं. हिलाल एकोणीस दिवस उभा राहिला. विसाव्या दिवशी मुकादम म्हणाला, "हा रोज दिसतो, घ्या याला आत." तेव्हापासून तो रंगखात्यात आहे आणि हा किस्सा मी निदान दोनशे वेळा ऐकलाय.

तर दुसऱ्याच दिवशी रात्रपाळी सुटल्यावर स्वारी घरी न येता थेट कॉलेजच्या गेटवर. इस्त्रीचा शर्ट पिशवीतून नेला होता. आठ ते नऊ उभा. कोणी मॅडम गाडीतून आत गेल्या की नमस्कार, कोणी सर गेले की नमस्कार. चार-पाच दिवस भावजय मला काही बोलली नाही, मग तिलाच राहवेना.

मी संध्याकाळी जाऊन त्याला धरलं. "काय रे, तू भरती होई ऱ्हायना का कॉलेजमा?"

"बाई, इंटरेस्ट दाखाडना पडस," तो गंभीरपणे म्हणाला.

"कॉलेजमा पोरले जावानं शे का तुले?"

"पोर लहान शे. तिनाबदल मी उभा ऱ्हास."

अठरा वर्षांची घोडी, आणि म्हणे लहान! दुसऱ्या आठवड्यात वॉचमनला दया आली, त्याने खुर्ची दिली. ती हिलालने घेतली नाही. बसलं की इंटरेस्ट कमी दिसतो, असं त्याने मला समजावून सांगितलं. सोनालीला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती चिडली की हिंदीत घुसते. "फुई, पप्पांना समजाव ना. मेरी इज्जत का सवाल है!"

मी हसून घेतलं, पण मला घोर लागला होता तो वेगळाच.

फॉर्म भरायच्या आधी बापलेकीचं वाजलं होतं. हिलाल ओरडला होता, की तीस वर्षं मी रंगाच्या वाफेत काढली, तुला त्यातून बाहेर काढायला शिकवलं, आणि तू परत कापडातच चाललीस? सोनाली दोन दिवस जेवली नाही. शेवटी त्याने सही केली, पण तोंडाने बरं म्हणून काही म्हटलं नाही. तेव्हापासून तिला कोणीही विचारलं की तिचं एकच उत्तर, "मिळालं तर मिळालं. नाहीतर बी.कॉम. आहेच."

ही पोर आठवीपासून कापडाचे तुकडे वहीत चिकटवून त्यांच्या शेजारी स्वतःची नक्षी काढते. तिला ते कॉलेज किती पाहिजे होतं हे मला ठाऊक होतं. पण बापाला जे नकोय ते आपण तोंडाने मागायचं नाही, असा तिचा हट्ट. हट्टात ती बापाची पोर शोभते. मुलाखतीतही तिने हेच "मिळालं तर मिळालं" ऐकवलं असतं, तर जागा गेलीच म्हणून समजा. चारशे पोरं रांगेत असताना असल्या पोरीला कोण घेईल?

मुलाखतीला मीच तिच्याबरोबर गेले. रिक्षात तिला दहा वेळा बजावलं, पाहिजे म्हण, मोठ्याने म्हण. ती बाहेर रस्त्याकडे बघत राहिली. गेटवर हिलाल होताच. लेकीला बघून त्याने कॉलर सरळ केली, पण बोलला काही नाही. तीही खाली मान घालून आत गेली. मला दोघांना एकेक धपाटा द्यावासा वाटला.

दहा मिनिटांची मुलाखत अर्धा तास चालली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

"काय विचारलं?"

"मॅडम म्हणाल्या, गेटवर रोज उभे राहतात ते तुझे वडील ना? त्यांना सांग, त्याला आमच्याकडे मार्क नाहीत. तुला यायचंय का, ते तू बोल."

"मग?"

"म्हटलं, यायचंय. फार यायचंय. मग मी थांबलेच नाही, फुई. वहीतलं पान न् पान दाखवलं."

मी देवाचे आभार मानले. मुलीला अचानक कंठ कसा फुटला, ते मात्र मला कळेना.

पंधरा दिवसांनी यादी लागली. एकविसावं नाव सोनालीचं. मी पेढे घेऊन हिलालकडे गेले. सोनाली आत आईजवळ होती. आता हा गेटवरच्या पराक्रमाचा दुसरा किस्सा पुढची तीस वर्षं ऐकवणार, म्हणून मी आधीच त्याची हवा काढायला गेले. म्हटलं, "ऐक. त्या मॅडमनीच सांगितलंय, गेटवर उभं राहण्याला शून्य मार्क."

"माले माहीत शे," हिलाल पेढा खात म्हणाला. "दुसराच दिन वॉचमननी सांगेल व्हतं."

"मंग तीन आठवडा कसाले उभा ऱ्हायना, येडा?"

त्याने आतल्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"गेटवर उभा व्हतू, पन दाखाडी ऱ्हायंतू सोनालीले. एकदाव नही म्हनी टाकेल व्हतं मी. आते तोंडवर ‘हा’ कसं म्हनवा, ते माले जमे ना."

मी त्याला पुन्हा येडा म्हणायला तोंड उघडलं आणि मला रडूच आलं. माझ्याहून सहा वर्षांनी धाकट्या माणसाने मला असं रडवावं, याचा मला फार राग आला.