नायकाच्या दारातली हापशी

मित्रांनो, घाटंजीहून पांढरकवड्याकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला एक तांडा लागतो. त्या तांड्यात नायकाच्या दारासमोर, सिमेंटच्या ओट्यावर उभी असलेली जुनी हापशी म्हणजे मी. वय बावीस. मूळ रंग हिरवा. आता जिथे हात लागतात तिथे लोखंड चकाकतं आणि जिथे लागत नाहीत तिथे गंज चढला आहे.

कारखान्यात माझ्या शेकडो बहिणी एकाच आठवड्यात तयार झाल्या. एका ट्रकमध्ये आम्ही आडव्या पडून आलो. कोण कुठल्या गावात उभी राहणार, कोणाच्या पायाखाली पाणी लागणार आणि कोणाच्या नुसता दगड, हे आमच्या हातात नव्हतं. ही गोष्ट मला तेव्हाच समजायला हवी होती. समजायला पुढे वीस वर्षं गेली.

माझी जागा ठरली तो दिवस मला चांगला आठवतो. मी ट्रॉलीत पडून सगळं पाहत होते. पाणी शोधणारा पाणाड्या तळहातावर आडवा नारळ ठेवून चालू लागला. नारळ उभा राहील तिथे पाणी, असा इकडचा रिवाज. खाली नाल्याकडे नारळ दोनदा थरथरला. पण तांड्याचे प्रमुख, नायक भावसिंग, मागोमाग चालत होते. ते म्हणाले, "इकडूनही पाहा ना बाप्पा, माह्या दाराकडून." पाणाड्या वळला. नायकाच्या दारासमोर येताच नारळ ताडकन उभा राहिला. चुलीवर चहाही तिथेच उकळत होता. या दोन गोष्टींचा संबंध लावायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

मला उभं केलं, हार घातला. नायक ओट्यावर चढून म्हणाले, "ही हापशी तांड्याले बारा महिने पाणी देईन!" टाळ्या पडल्या. मला कोणी विचारलं नव्हतं. पण गळ्यात हार पडला की माणसाचं जे होतं तेच हापशीचंही होतं. मलाही ते खरं वाटलं.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. मला मोजायची सवय आहे. माणूस कसा आहे हे तो बोलतो त्यावरून कळत नाही, दांडा कसा मारतो त्यावरून कळतं. नायक चार हापसे मारत आणि पाचवा मारायला कोणाला तरी हाक देत. रुपीबाई म्हातारी भराभर आखूड हापसे मारी, जणू मी मध्येच विचार बदलीन. शेवटच्या घरातले सेवादास सावकाश, पूर्ण दांडा खाली नेत, आणि कळशी भरली की हात थांबवत. थेंब सांडत नसे. त्यांची मुलगी अंजू सहा वर्षांची असताना दांड्याला लोंबकळायची. दोन्ही पाय हवेत. एका खेपेत तीन तांबे पाणी आणि बाकी सगळं हसू.

पहिलं पाणी यायला किती हापसे लागतात, तेही मी मोजत असे. श्रावणात चार. दिवाळीला नऊ. संक्रांतीला वीस. होळीला साठ. आणि होळीनंतर कितीही मारा, तोटीतून फक्त वारा.

मग तांड्यातल्या बायका नाल्याकाठच्या विहिरीवर जायच्या आणि जाता जाता मला ऐकवायच्या. रुपीबाईंचं तर ठरलेलं होतं. रिकामा हंडा ओट्यावर आदळायचा आणि म्हणायचं, "काय बया हाय! हार घालून घेतला, पाणी द्यायच्या टायमाले तोंड कोरडं!"

मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला लाज वाटायची. उन्हाळाभर वाटायची. बारा महिन्यांचं वचन मी दिलंच नव्हतं, हे माझ्या लक्षातच येत नव्हतं.

आता अंजूचं सांगते, कारण माझी सुटका तिच्यामुळे झाली.

अंजू मोठी झाली आणि पोलीस भरतीच्या तयारीला लागली. पहाटे रस्त्यावर धावायची, परतताना माझ्या ओट्यावर पाय ताणायची. दोनदा अपयश आलं. तिसऱ्या वेळी, गेल्या एप्रिलमध्ये, तिच्या मोबाईलवर एक यादी आली आणि यादीत तिचं नाव होतं. ती यादी कागदपत्रं तपासायला बोलावलेल्यांची होती. निवडीची यादी अजून लागायची होती. अंजू सांगत होती, "अवो, हे शेवटची यादी नाही! थांबा ना जरा!" पण नायकांच्या मुलाचं, अमरचं, घाटंजीत मोबाईलचं दुकान, शेजारीच फ्लेक्सवाला. संध्याकाळपर्यंत फ्लेक्स तांड्यात हजर.

दहा फूट लांब. 'पोलीस दलात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' सगळ्यात मोठा फोटो नायकांचा. त्याखालचा अमरचा. मग कोपऱ्यात अंजू. अंगावर वर्दी, पण ती वर्दी दुकानदाराने दुसऱ्या कोणाच्या तरी फोटोतली कापून लावलेली. खांदे एका धिप्पाड पुरुषाचे आणि मान आमच्या अंजूची. फ्लेक्सचं एक टोक विजेच्या खांबाला बांधलं, दुसरं माझ्या गळ्याला. अंजूला माझ्याच ओट्यावर बसवलं, शाल पांघरली, नारळ दिला. नायक म्हणाले, "ही पोरगी तांड्याचं नाव काढीन!" टाळ्या पडल्या.

मी अंजूकडे पाहिलं. ती मान हलवत होती. नाही म्हणून हलवत होती, पण लोकांना वाटलं लाजते आहे.

मे महिन्यात शेवटची यादी लागली. अंजूचं नाव दोन गुणांनी गेलं.

फ्लेक्स मात्र तसाच राहिला. तो उतरवायला कोणी पुढे येईना. उतरवला तर मान्य केल्यासारखं होईल, म्हणून सगळे त्याच्याखालून मान वाकवून जात. सेवादासांनी गुरुवारच्या बाजाराला जाणं सोडलं. अंजू भर दुपारी, ऊन रणरणत असताना बाहेर पडायची, म्हणजे कोणी भेटू नये. तरी कोणीतरी भेटायचंच. आणि भेटलं की अंजू त्याचं काम अंगावर घ्यायची. रुपीबाईंचे दोन हंडे विहिरीवरून आण. कोणाच्या पोराचा दाखल्याचा अर्ज भर. नायकांच्या घरच्या लग्नाच्या पत्रिकांवर नावं लिही. महिन्याभरात अकरा घरांची कामं तिने केली आणि एकदाही नाही म्हटलं नाही. मी मोजलं आहे. कोणाचं काही बुडवलं नव्हतं तिने, तरी फेड चालू होती.

एकदा रुपीबाईंनीच विचारलं, "काहून वं छोरी, एवढी राबून राह्यली?"

"असंच, दादी."

"असंच कोणी दोन हंडे आणते काय? माही सून नाही आणत असंच."

अंजूने हंडे उतरवून ठेवले. पण हे असंच चाललेलं नव्हतं, हे त्या म्हातारीला कळलं आणि मलाही. दर कामामागे ती एकदा माफी मागत होती.

जूनमध्ये मृग लागला तरी पाऊस नव्हता. नायकांनी तक्रार केली म्हणून पंचायत समितीचे मेकॅनिक घनश्याम मोटारसायकलवर आले. दुपारची वेळ, ओट्यावर एकटी अंजू होती. घनश्याम म्हणाले, "पोरी, हे बोल्ट धरशील काय? माहा हेल्पर आज आला नाही."

अंजूने नुसते धरले नाहीत, दुसरा पाना घेऊन समोरचे दोन सोडवलेही. घनश्यामांनी भुवया वर केल्या.

"कुठी शिकली हे?"

"बापूचं स्प्रिंकलर मीच जोडते. मोटारीचं वायरिंगबी."

"मंग आयटीआय काहून नाही करत? पांढरकवड्याले फिटरच्या ट्रेडले जागा हायेत. पोरी येत नाहीत. शनिवारपर्यंत फॉर्म हाय."

अंजूचा पाना थांबला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी सहा वर्षांच्या पोरीच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. क्षणभर राहिलं आणि गेलं. "नाही जमत, काका," ती म्हणाली. "लोकं वाट पाहून राह्यले." आणि मान वर करून फ्लेक्सकडे पाहिलं.

तेवढ्यात नायक बाहेर आले. त्यांना पाहून चार माणसं जमली. रुपीबाई आल्या. सेवादासही येऊन मागे उभे राहिले. नायक आधी अंजूला म्हणाले, "यंदा पुन्हा फॉर्म भर, पोरी. तांड्याची इज्जत हाय. मी लोकाइले सांगून देल्लं, पुढच्या टायमाले पक्कं." मग घनश्यामांना म्हणाले, "आन हिचं काय? बारा महिने पाणी द्याले पाहिजे हिनं."

घनश्यामांनी माझं सगळं पोट उघडलं होतं. दोरीला वजन बांधून ते खाली सोडत होते. दोरी सरसर जात राहिली. एकशेऐंशी फुटांवर टेकली. वर ओढली तर वजनाला नुसती धूळ.

"नायकसाहेब, हापशीत काही खोट नाही," घनश्याम म्हणाले. "वायसर चांगले, साखळी चांगली. खाली पाणीच नाही. पावसाळ्यात येईन, होळीले जाईन."

"अजून खोल करा मंग."

"खाली काळा दगड हाय. पाणी होतं नाल्याकडं. इथं दाराशी कोणी लावली, त्याले विचारा."

सगळ्यांनी नायकांकडे पाहिलं. नायकांनी आभाळाकडे पाहिलं.

"पण म्या बारा महिने सांगतलं होतं ना," नायक पुटपुटले.

"तुम्ही सांगतलं होतं," घनश्याम म्हणाले. "हिनं सांगतलं होतं काय?"

आणि अंजू हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसून ती नायकांना म्हणाली, "काका, मी यंदा भरतीचा फॉर्म नाही भरत."

"मंग लोकाइले काय सांगू?"

"सांगा, नाही झाली."

अंजूने मागे बापाकडे पाहिलं. तिचा सगळा जीव तिथे अडकला होता, नायकांपाशी नव्हता. आवाज बारीक झाला. "बापू, मले पांढरकवड्याले फिटरचं शिकायचं हाय. शनिवारपर्यंत मुदत हाय."

सेवादास पुढे आले. मग म्हणाले, "मले तुह्या अंगावर वर्दी पाह्याची होती. खोटं नाही बोलत."

"माहीत हाय, बापू."

"बाजारात समद्याइले सांगतलं म्या. कोणी विचारीन म्हणून गेलो नाही महिनाभर."

"माह्यामुळं."

"नाही." सेवादासांनी मान हलवली. "हौस माही होती. सांगाची घाईबी माहीच. ते मी पाहीन काय कराचं ते. तू कायले उचलून फिरते?"

अंजू उठली आणि माझ्या गळ्याची गाठ सोडू लागली. गाठ उन्हाने कडक झाली होती, तिने दातांनी सोडली. फ्लेक्स खाली घसरला, नायकांचा फोटो आधी. रुपीबाई पुढे झाल्या, कापड चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "चांगलं जाड हाय बाप्पा. माह्या शेळ्याइच्या कोठ्यावर टाकू काय?"

"न्या दादी," अंजू म्हणाली. "पण नेऊन तुम्हीच टाका. मी आयटीआयचा फॉर्म भराले जाऊन राह्यली."

कोणाच्या कामाला तिने दिलेला हा पहिला नकार. मी मोजलं.

त्यानंतर सगळं सोपं झालं, असं समजू नका. अंजू सकाळच्या गाडीने पांढरकवड्याला जाते. गाडीत कोणी ना कोणी विचारतंच, "काय वं, वर्दी कवा?" पहिले काही दिवस तिचा चेहरा उतरायचा, मग ती सविस्तर समजावून सांगायची, गुणांसकट. आता "नाही झालं काकी" म्हणते आणि खिडकीकडची जागा मागते. नायक अजून थोडे रुसलेले आहेत. सेवादास बाजाराला जातात. पहिल्या गुरुवारी चौघांनी विचारलं, दुसऱ्या गुरुवारी एकाने, तिसऱ्या गुरुवारी कापसाच्या भावाशिवाय कोणी काही बोललं नाही. लोकांच्या अपेक्षा मोठ्या आवाजात येतात, पण त्यांचं आयुष्य बाजाराच्या तीन फेऱ्यांचं असतं. आपणच त्या वर्षानुवर्षं पोसतो. मी तर वीस वर्षं पोसल्या.

पाऊस उशिरा आला, पण आला. श्रावणात मी पुन्हा पाणी दिलं, सहा हापशांत. आणि पहिल्यांदा मला त्याचा उगाच गर्वही वाटला नाही. खाली पाणी होतं, म्हणून दिलं.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. दांडा आपटू नका. साखळीला वर्षातून एकदा ग्रीस लावा. माझ्या ओट्यावर गुरं धुऊ नका. कोणाच्या गळ्यात हार घालायचा असेल तर खुशाल घाला, पण आधी त्याला विचारा की तुला काय देता येईल. आणि हार तुमच्या गळ्यात पडला, तर तो घालणाऱ्याने काय काय कबूल केलं आहे, ते आपल्या नावावर लावून घेऊ नका.

होळीनंतर मी पुन्हा आटेन. तुमच्यातलं कोणी तहानलेलं, रिकामी कळशी घेऊन येईल, साठ-सत्तर हापसे मारील आणि वारा घेऊन परत जाईल. तेव्हा मला वाईट वाटेल. पण माफी मात्र मी मागणार नाही.