खाणीतलं शेवाळ

"बाई, याचा रंग उतरलाय."

बाईंच्या हाताखाली संशोधन करणारी मुलगी काचेचा फ्लास्क खिडकीसमोर धरून उभी होती. बाईंनी मान वर केली नाही. "दिव्याखाली सरकव. हिरवा होईल."

"कधीचा सरकवलाय."

मग मात्र बाई उठल्या. फ्लास्कच्या तळाशी पिवळट गाळ बसला होता. त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तो बराच वेळ उचललाच नाही.

सगळी प्रयोगशाळा त्यांना डबकेबाई म्हणे, अगदी तोंडावर. गुडघाभर पाण्यात उतरून बाटल्या भरण्यात त्यांची नोकरी सरली होती. हे शेवाळ त्यांनी एका दगडखाणीतल्या तळ्यातून आणलेलं. पुढे खाण बुजवली, वर घरं उठली. आता ते होतं फक्त या मांडणीवर. थोडं थोडं काढून ताज्या पोषक द्रवात घालत बाईंनी ते आजवर जगवलं होतं. या महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या. पुढे ते मुलीने सांभाळायचं. तिचा अख्खा प्रबंध त्याच्यावर होता.

शेवाळाला चिकटून काही जिवाणू राहत. शेवाळ त्यांना साखर देई, ते शेवाळाला जीवनसत्त्व. पोरीच्या हाती द्यायचं तर लख्ख करून द्यावं, असं बाईंच्या मनाने घेतलं. काही आठवड्यांपूर्वी त्यांनी अँटिबायोटिक घालून जिवाणू मारले आणि जीवनसत्त्व द्रवात वरून घातलं. शेवाळ हिरवंगार राहिलं. तेव्हा जिवाणूंसकटचे जुने फ्लास्क त्यांनी निर्धास्तपणे उकळून धुवायला टाकले.

"मेलंय. इतके दिवस पोटातल्या साठ्यावर तग धरून होतं ते," सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढत बाई म्हणाल्या. "मला वाटलं, बाळसं धरलंय."

"पण जीवनसत्त्व तर घातलं होतं ना आपण?"

"घातलं होतं. म्हणजे ते जिवाणू आणखी काहीतरी देत होते. काय, ते आता कोणाला विचारू?"

ते शेवाळ अजून असलंच तर एकाच माणसाकडे असणार होतं. पूर्वी शेजारच्या टेबलावर काम करणारा सहकारी. शोधनिबंधावर कोणाचं नाव आधी, यावरून भांडून दुसऱ्या संस्थेत गेलेला. जाताना त्याने या शेवाळाचा एक फ्लास्क नेला होता. त्यानंतर दोघांत शब्द नव्हता. बाईंनी फोन लावला.

"कोण, डबकेबाई? चुकून लागला का?"

"चुकून नाही. तुमच्याकडचं खाणीतलं शेवाळ हवंय. माझं मेलं."

"तुमच्या हातून? चेष्टा करताय गरिबाची."

"लाज गुंडाळून फोन केलाय. आहे का, सांगा."

पलीकडे खुर्ची करकरली.

"नाही हो. फ्लास्क दिसला की तुमचा चेहरा आठवायचा. द्रव बदलायचं मुद्दाम टाळत गेलो. नंतर वाईट वाटलं, पण तोवर खेळ आटोपला होता."

"म्हणजे तुम्ही रागाने मारलंत, मी लाडाने."

"बाई, एक ऐका. बोलू नका कुठे. जाता जाता कशाला शोभा करून घेता?"

बाईंनी फोन ठेवला. मुलगी दाराशीच होती. तीही कोणाला काही बोलली नाही. पण बाई गेल्यावर हे कधीतरी बाहेर येणारच होतं, आणि तेव्हा एवढंच विचारलं गेलं असतं की शेवाळ कोणाच्या ताब्यात होतं.

निरोपाच्या सभेत संचालक रंगात आले होते. "तळं गेलं, पण त्याचा जीव आपल्याकडे सुखरूप आहे, तो यांच्यामुळे!"

टाळ्या पडल्या. मुलगी आपल्या चपलांकडे पाहत बसली होती. बाई उठल्या.

"एक दुरुस्ती. ते मेलंय. मी मारलं. हिचा त्यात काडीचा हात नाही."

मागच्या रांगेला ऐकू गेलं नसावं. तिथे टाळ्या थोडा वेळ चालूच राहिल्या. संचालक वाकून पुटपुटले, "बाई, हे आज कशाला? चहा निवतोय."

"निवलेला पिऊ."

बाईंनी हातातला गुच्छ टेबलावर ठेवला आणि अँटिबायोटिक केव्हा, किती घातलं, इथपासून सांगायला सुरुवात केली.