खुराड्याखालचा रेडिओ

आजी ग्लानीत बडबडू लागल्या आणि त्यांच्या नर्सची, कुमुदची, नजर आधी कॅमेऱ्याकडे गेली. साहेबांनी, आजींच्या मुलानं, कालच तो समोरच्या भिंतीवर बसवला होता, आवाजही टिपणारा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आईच्या इंग्लंडमधल्या गावात गुप्त रेडिओ होता, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. तेव्हापासून ते सगळं सांग म्हणून शंभरीच्या आईच्या मागेच लागले होते.

पोटच्या पोरालाही सांगणार नाही, अशी आजींनी शपथ घेतली होती. कुमुदला मात्र आंघोळीच्या वेळी त्यांनी तुकड्यातुकड्यानं सगळं सांगून टाकलं होतं. जर्मन उतरले, तर कोंबड्यांच्या खुराड्याखाली दडवलेल्या रेडिओवरून त्यांच्या हालचाली लष्कराला कळवायच्या. पण त्याआधी, ज्या एका गावकऱ्याला ती जागा कळली होती, त्याला स्वतःच्या हातानं पिस्तुलाची गोळी घालायची. सतरा वर्षांच्या पोरीला दिलेला हुकूम! जर्मन आलेच नाहीत. पुढे त्याच गावकऱ्याशी आजींनी लग्न केलं. साहेबांचे वडील ते.

"माझं डोकं फिरलं, तर तू माझं तोंड बंद कर," आजी म्हणाल्या होत्या, आणि कुमुद हो म्हणून बसली होती.

नवऱ्याची, उल्हासची, नोकरी गेल्यापासून घर तिच्याच पगारावर चाललं होतं. सकाळीच तो म्हणाला होता, "त्यांच्या फॅमिली मॅटरमध्ये पडू नकोस. व्हिसा कॅन्सल झाला ना, तर इथलं आखातातलं सगळं खलास. मनखूलचा फ्लॅट सोडून पुण्याला जायचं."

"पिस्तूल..." आजी पुटपुटल्या. "त्याला कळता कामा नये..."

कुमुदनं वाफ देणाऱ्या नेब्युलायझरचा मास्क त्यांच्या तोंडावर धरला आणि मशीन सुरू केलं. त्यात नुसतं सलाइन होतं, अपाय काही नव्हता. जुनं मशीन पिठाच्या गिरणीसारखं घरघरू लागलं. मास्कखाली ओठ हलतच राहिले.

दार धाडकन उघडलं. साहेब मोबाइल घेऊन आत आले.

"बंद कर ते. काय म्हणत होती? मला मोबाइलवर नुसती घरघर ऐकू येतेय."

"छाती भरली होती, सर."

"ऑक्सिजन तर नॉर्मल दाखवतोय." त्यांचा चेहरा लाल झाला. "उद्या एजन्सीला सांगून मी दुसरी नर्स मागवू शकतो. कळतंय ना?"

"कळतंय, सर."

पण तिचा हात मास्कवरून हलला नाही. आजींना झोप लागली, तेव्हाच तिनं मशीन बंद केलं.

साहेब पलंगाच्या कडेवर टेकले. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाची तिला फार कीव आली.

"माझ्या डॅडबद्दल काही बोलली का?" त्यांनी हळूच विचारलं.

कुमुद मास्क पुसत राहिली. "बोलल्या, सर. म्हणाल्या, माणूस फार चांगला होता."

साहेबांनी आईचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि ओठांना लावला.