तुसड्याचं वळण

ग्रानमोच्या स्की केंद्रात पगार कुणालाच नाही, आणि आभारही कुणाचे मानत नाहीत. "आभार मानले की माणूस पुढच्या वर्षी येत नाही," असं हाल्डिसचा नवरा तोर्गेइर म्हणायचा. पानगळीत एका रविवारी दुग्नाद पुकारतात, म्हणजे गावची सावड, आणि ज्याच्याकडे कुऱ्हाड, करवत किंवा नुसते दोन हात असतील तो हजर होतो. न येणाऱ्याला कुणी शब्दानं दुखवत नाही. फक्त वर्षभर दुकानात त्याच्याशी हवापाण्यापलीकडे कुणी बोलत नाही.

हाल्डिस पहिल्या दुग्नादपासूनची. मोडका मेंढवाडा झाडून त्याचं खोपट केलं तेव्हा छपरावर तोर्गेइर होता आणि खालून खिळे देत ती. मग जंगलातली वाट हातकरवतीनं काढली, दिव्यांचे खांब खांद्यावरून नेले, आणि स्कीची जोडचाकोरी पाडायला दगडांनी भरलेली घसरगाडी माणसांनीच ओढली. चाकोरी पाडणारं यंत्र फार उशिरा आलं.

एवढं सगळं जमलं, वाट सरळ काढायची तेवढी राहिली. खोपट आणि जंगल यांच्या मधोमध ओस्मुनचं गवताचं शेत. बर्फाखालच्या गवताला स्कीनं काय धाड भरणार होती? आजूबाजूचे सगळे शेतकरी हसत हो म्हणाले. ओस्मुन दार अडवून उभा राहिला. "शेतातून नाही. जायचं तर घराखालून जा." त्यानं कारण दिलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. माणसाला त्याच्या जमिनीचं कारण विचारणं ग्रानमोत बसत नाही.

तेव्हा वाट चढ चढून, त्याच्या घराखालून वळसा घालून गेली. तिथे वारा बर्फ आणून ओततो, चाकोरी बुजते, आणि दर वादळानंतर फावड्यांनी उपसावं लागतं. जागेला नाव पडलं तुसड्याचं वळण. खिडकीत ओस्मुनची बायको मिल्ड्रिड बसलेली असायची. खालून कुणी गेलं की ती हात वर करायची. "बघा, हाकलतेय!" म्हणून सगळे हसायचे. हाल्डिसही हसायची.

मग एका हिवाळ्यात त्याच वळणावर यंत्र उलटलं आणि तोर्गेइरची कंबर गेली. तो पुन्हा खुर्चीत धड बसला नाही. "वाट सरळ झालेली बघूनच मरेन," म्हणायचा. तेही त्याच्या नशिबी नव्हतं. तो गेल्यापासून हाल्डिसला एकच गोष्ट हवी होती: त्याची सरळ वाट.

यंदा दुग्नादच्या आधी केंद्राचा अध्यक्ष स्तियान धापा टाकत तिच्याकडे आला.

"हाल्डिस, ओस्मुन हो म्हणाला!"

"कशाला? मरायला?"

"अगं, शेताला! आपणहून फोन केला त्यानं. रविवारी कुंपण काढू या. पण आधी कुणीतरी जाऊन हातात हात देऊन यायला हवं. म्हटलं, तू इतकी जुनी..."

"म्हणजे तुला भीती वाटते."

"थोडी," स्तियान म्हणाला.

हाल्डिसनं वाफल भाजून फडक्यात बांधले. आभार म्हणून नव्हे. रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून. एक वाक्य ती वाटभर घोळवत होती: हे तोर्गेइर असताना का नाही सुचलं तुम्हाला? पन्नास वर्षांचा राग त्या वाक्यात चांगला मुरला होता.

नव्वदी ओलांडलेल्या ओस्मुननं आधाराला टेकत चालायची चौकट सरकवत दार उघडलं. केंद्राचं माणूस पहिल्यांदाच त्या घरात शिरत होतं. "बस तिकडे," म्हणून तो कॉफी टाकायला गेला.

खिडकीशी दोन खुर्च्या होत्या. एकीचे हात झिजलेले, दुसरी चाकांची. हाल्डिस झिजलेल्या खुर्चीत बसली. समोर शेत लांबवर पसरलेलं होतं, आणि त्याच्या मधोमध कुणी असतं तर माणूस की खुंट, हेही कळलं नसतं. खाली पाहिलं तर वळण इतकं जवळ, की कुणाच्या बुटाची नाडी सुटलेली दिसावी.

तिनं चाकांच्या खुर्चीकडे बघितलं. "मिल्ड्रिडला काय झालं होतं?" ग्रानमोनं ओस्मुनला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"पाय गेले. तुम्ही शेत मागायला आलात, त्याच्या जरा आधी. लोक येईनासे झाले. त्यांना वाटायचं, त्रास कशाला द्या."

"मग बोलायचं ना! आम्ही आलो असतो."

"काय बोलू? माझ्या बायकोसमोरून जा म्हणू? मागणं मला कधी जमलं नाही. नाही म्हणणं जमतं."

हाल्डिसनं पुन्हा खाली वळणाकडे पाहिलं. "ती हात वर करायची."

"सगळ्यांना. तुला लाल टोपी म्हणायची. लाल टोपी घसरली की दिवसभर खूश. तोर्गेइर उलटला तोही तिलाच दिसला. ओरडली, म्हणून मी धावलो."

ओस्मुननं तोर्गेइरला ओढून काढलं, हे हाल्डिसला ठाऊक होतं. त्याला कळलं कसं, हा विचार तिनं कधी केला नव्हता.

"आम्ही कुणीच कधी हात केला नाही," ती कशीबशी म्हणाली.

"ती म्हणायची, त्यांच्या हातात काठ्या असतात ना."

हाल्डिसला इतकी लाज वाटली की वर बघवेना. मुरवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. कंबर मात्र तोर्गेइरची गेलीच होती, आणि तिचं दुःखही तसंच होतं, जराही कमी झालं नव्हतं.

"तो उलटला तेव्हाच हो म्हणायला हवं होतं," ओस्मुन म्हणाला. "पण ती होती. ती गेल्यावर मी बसायला लागलो इथे. आता पुरे. माझ्यापायी उपसून उपसून तुम्ही म्हातारे झालात." त्यानं हात पुढे केला. "रविवारी कुंपण काढा."

हाल्डिस उठली. टोपी घातली. हात घेतला नाही.

"शेतातून नाही," ती म्हणाली.

"का?"

तिनं कारण दिलं नाही. "वाफल गरम आहेत तोवर खा," म्हणाली आणि दार ओढून घेतलं. वाटेत ती तोर्गेइरशी मोठ्यानं बोलत राहिली, आणि रडलीही.

रविवारी गाव पहारी घेऊन कुंपणाशी जमलं. "त्या ठेवा," हाल्डिस म्हणाली. "कुदळी आणा. वळण रुंद करायचंय. यंत्र उलटता कामा नये." स्तियाननं का म्हणून विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मागून कुणीतरी पुटपुटलं, "ही पण तुसडी झाली." तिनं ऐकलं, आणि तिला बरं वाटलं.

पहिलं बर्फ बसलं तेव्हा चढ चढून ती वळणाशी आली. वर खिडकीत कुणीतरी बसलेलं होतं. हाल्डिसनं दोन्ही काठ्या एका हातात घेतल्या आणि दुसरा हात वर केला.