मतपेटीत पडलेली पेन्सिल

मित्रांनो, मी एक जुनी पेन्सिल आहे. बोटभर उरले आहे, आणि उभ्या आयुष्यात माझ्यावर कोणी धड विश्वास ठेवलेला नाही. त्यामुळे माझाही कोणावर फारसा नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा स्वभाव तुम्हाला खटकायला नको.

तुमच्याकडे बटण दाबून मत देतात म्हणे. आमच्या विलायतेतल्या स्केलबरो गावात अजून कागदावर फुली मारतात, आणि त्यासाठी आम्हा पेन्सिलींना मतदानाच्या आडोशात दोरीने बांधून ठेवतात. दोरी कशाला, तर आम्हाला कोणी पळवू नये म्हणून! देशाचे राज्य कोणाच्या हाती द्यायचे, हे ज्या माणसांना विचारायचे, त्यांच्यावर एका पेन्सिलीपुरताही भरवसा नाही.

माझ्या बहिणी कारखान्यातून बाहेर पडून चांगल्या ठिकाणी गेल्या. कोणी शाळेत गेली, कोणी सुताराच्या कानावर बसली. मी मात्र नगरपालिकेच्या तळघरात आले. निवडणूक आली की टोक काढायचे, दिवसभर राबवून घ्यायचे आणि मग पुन्हा खोक्यात टाकायचे. एकदा पहिल्यांदाच मत द्यायला आलेली एक मुलगी जाताना मला हळूच “थँक यू” म्हणाली होती. तेवढे कौतुक मी आजवर पुरवून पुरवून वापरते आहे.

बाकीचे लोक माझ्याकडे चोराकडे पाहावे तसे पाहत. एक गृहस्थ तर दर वेळी खिशातून स्वतःचे पेन काढत आणि मतपत्रिका वाटायला टेबलामागे बसलेल्या बाईंना ऐकवत, “पेन्सिल कशाला ठेवता, ते काय मला कळत नाही? रात्री खोडायला सोपी!”

“तुमचं पेन वापरा की, साहेब,” बाई म्हणत. “पण खोडायला बसायचं कधी, तेही सांगा. घरी जाऊन स्वयंपाक करायचा असतो मला.”

या वेळची निवडणूक म्हणजे तर संशयाचे माहेरघर होती. लाल आणि निळे या दोन पक्षांत सगळ्या देशभर अटीतटीची लढत होती. शेजाऱ्याच्या खिडकीतले पोस्टर दुसऱ्या रंगाचे दिसले, तर माणसे त्याच्या कुत्र्यालाही ओळख देत नव्हती.

आमचे मतदान केंद्र गल्लीतल्या लाँड्रीत होते. एकीकडे कपडे वाळवायची यंत्रे घरघरत होती आणि दुसरीकडे लोकशाही चालू होती. संध्याकाळी नॉर्मन थ्वेट आपल्या आईला गाडीतून घेऊन आला. हा निळ्यांचा मोजणीवरचा प्रतिनिधी. छातीवर निळ्या रिबिनीचे भले मोठे फूल होते. आईचे नाव विनी, पण वय नव्वदीकडे झुकलेले, म्हणून मी तिला थ्वेट आजीच म्हणेन.

“आई, वरून तिसरं नाव,” नॉर्मन दारातूनच ओरडला. “तिसरं! लक्षात राहील ना?”

“कान गेलेत माझे, नॉर्मन. डोकं नाही.”

“साहेब, इथं काही सांगायचं नाही,” टेबलामागच्या बाईंनी दटावले. “दारात थांबा तुम्ही.”

आजी एकटीच आडोशात आली. तिची बोटे सांध्यांत सुजलेली होती आणि गार होती. तिने मला उचलले आणि झटक्यात एक फुली मारली, आयुष्यभर ती ज्यांच्यापुढे मारत आली होती त्यांच्यापुढे. ते नाव तिसरे नव्हते. कोणते होते ते विचारू नका. मत गुप्त ठेवायचे असते, आणि ते मलाही बंधनकारक आहे.

मग ती थांबली. कागदाकडे बघत राहिली.

“आई, झालं का?” दारातून हाक आली.

आजीने सुस्कारा टाकला आणि तिसऱ्या नावापुढेही एक फुली मारली. मला फार वाईट वाटले. एका मताला दोन फुल्या म्हणजे ते मत बाद, हे तिला ठाऊक नव्हते की ठाऊक असूनही स्वतःचे आणि मुलाचे, दोघांचे मन राखायचे होते, ते मला सांगता येणार नाही. तिने मला तशीच ओढली. माझी गाठ सुटली, दोरी तिथेच लोंबकळत राहिली, आणि मंद नजरेच्या आजीने घडी घातली ती मला कागदात घेऊनच. मतपेटीच्या फटीतून कागद खाली गेला, त्याबरोबर मीही गेले. मी ओरडले असते, पण पेन्सिलीला ओरडता येत नाही, नुसते उमटता येते.

मोजणी क्रीडा केंद्राच्या मोठ्या दालनात होती. पेटी टेबलावर उपडी केली तेव्हा मी घडीतून निसटले आणि कागदांच्या लोंढ्याबरोबर घरंगळत एका तारेच्या ट्रेखाली जाऊन बसले. त्या टेबलावर मोजायला ऑलिव्ह हेब्डन बसली होती. जन्मभर बँकेत नोटा मोजून निवृत्त झालेली ही बाई. बोटात रबरी टोपी घालून कागद उलटायची, तेव्हा तिचे ओठ हलायचे.

कोपऱ्यात टीव्ही चालू होता. मतदान संपताच त्याने अंदाज सांगितला, की कोणालाच बहुमत नाही. नॉर्मन म्हणाला, “मला तर कोणी काही विचारलं नाही. मग यांना कळलं कसं?” मग एकेका गावाचे निकाल येऊ लागले. लालांनी जागा जिंकली की निळे म्हणत, “पोस्टाच्या मतांत काहीतरी काळंबेरं आहे.” निळ्यांनी जिंकली की लाल म्हणत, “मोजणी एवढ्यात संपलीच कशी?” दोन्ही पक्षांची माणसे टेबलांवर अशी वाकून उभी होती, की मोजणाऱ्यांना त्यांच्या श्वासावरून कोणी काय खाल्ले तेही कळत होते.

पहाटेपर्यंत देशातले जवळजवळ सगळे निकाल लागले आणि दोन्ही पक्षांच्या जागा बरोबरीत येऊन ठेपल्या. आता सगळ्यांची नजर आमच्या स्केलबरोवर! इथे लाल नऊ मतांनी पुढे होते. नॉर्मनने अर्थातच पुन्हा मोजणी मागितली. लंडनहून त्याच्या पक्षाचे फोनवर फोन येत होते.

फेरमोजणीत ऑलिव्हने ट्रे बाजूला सरकवला, आणि मी सगळ्यांदेखत टेबलावरून घरंगळत खाली पडले.

मित्रांनो, मोजणीच्या टेबलावर पेन्सिल आणायला सक्त मनाई असते. तुमच्याकडे ‘ध’चा ‘मा’ केल्याची गोष्ट सांगतात ना, तसलीच भीती इथे असते. विरोधकाच्या कागदावर गुपचूप आणखी एक फुली ओढली, की ते मत बाद. नॉर्मनने झडप घालून मला उचलले.

“हे काय आहे, मिसेस हेब्डन?”

“पेन्सिल आहे,” ऑलिव्ह म्हणाली. “पेटीतून पडली असेल.”

“पेटीतून? इतकी वर्षं मोजणीला येतोय मी. पेटीत पेन्सिल कधी पाहिली नाही! आणि याच टेबलावर दोन फुल्यांचा कागद निघालाय. एक फुली आमची, एक दुसऱ्याची. ती दुसरी कुणी काढली?”

“मी काढली म्हणता?”

“तुमच्या खिडकीत लाल पोस्टर आहे. मी स्वतः पाहिलंय.”

“नवऱ्यानं लावलंय ते,” ऑलिव्ह म्हणाली. “तो त्याचं डोकं चालवतो, मी माझं. तुमच्या घरी एकच डोकं असेल तर मी काय करू?”

कोणी हसले नाही. लालांचा माणूससुद्धा तिच्यापासून दोन पावले मागे सरकला. आजवर आदराने “मिसेस हेब्डन” म्हणणारे शेजारी आता तिच्या हातांकडे बघू लागले. तिने बोटातली रबरी टोपी काढली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मला खरे ठाऊक होते, आणि माझ्या टोकावर एकही शब्द येत नव्हता. इतकी असहाय मी खोक्यातल्या अंधारातही नव्हते.

निवडणूक अधिकारी बाई आल्या. नॉर्मनने त्यांना बजावले, “मी लेखी तक्रार देणार. पोलिसांना बोलवा. निकाल जाहीर करायचा नाही.” पुरावा म्हणून मला मुठीत घट्ट धरून तो तक्रार लिहायला निघाला, तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

“आई? अजून जागी आहेस?” तो बाहेर जिन्यापाशी गेला.

आजीला ऐकू येत नसल्यामुळे ती नेहमीच मोठ्याने बोलायची. माझ्यापर्यंत शब्दन् शब्द आला.

“टीव्ही बघतेय रे. मला झोपच येत नाहीये. नॉर्मन, मी चोरी केली बहुतेक.”

“काय केलंस?”

“ती लाँड्रीतली पेन्सिल. खाली ठेवल्याचं आठवतच नाही मला. पर्समध्ये नाही, कोटात नाही. घडी जाड लागत होती. त्या कागदाबरोबर पेटीत तर नाही ना टाकली? आता त्या बाईंना भरून द्यावी लागेल का?”

नॉर्मनची मूठ सैल झाली. जिन्याच्या काचेतून बाहेर उजाडत होते. मला खरे सांगायचे तर त्याचा भरवसा वाटत नव्हता. फोन खिशात टाकला आणि गप्प बसला, तर निकाल अडकत होता आणि त्याच्या पक्षाची आशा जिवंत राहत होती. फक्त एका बाईची अब्रू जात होती. अशा हिशेबात माणसे काय करतात, ते मी आडोशात राहून पुष्कळ पाहिले आहे.

“झोप तू, आई,” तो शेवटी म्हणाला. “चोरी नाही केलीस.”

तो आत आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “ही पेन्सिल पेटीतूनच आली. चुकून पडली. तक्रार नाही माझी.”

“कुणाच्या हातून पडली?” लालांच्या माणसाने लगेच संशय घेतला. “तुम्हाला कसं कळलं?”

“माझ्या आईच्या.” त्याचे कान लाल झाले होते. “मिसेस हेब्डन, मी तुमची माफी मागतो.”

ऑलिव्हने नाक पुसले. “माफी राहू द्या. चहा आणा. साखर दोन चमचे. आणि आणताना मला दिसाल असं या. माझं लक्ष असणार आहे तुमच्यावर.”

आता सगळे हसले. फेरमोजणी पुरी झाली. शेवटी बाद कागद पुन्हा एकदा दाखवले, तेव्हा नॉर्मन त्या दोन फुल्यांच्या कागदापाशी वाकला. एक फुली सरळ आणि गडद होती, दुसरी थरथरती. तो कितीतरी वेळ बघत राहिला. अधिकारी बाई म्हणाल्या, “दोन फुल्या आहेत. बाद. हरकत आहे?” त्याने नुसती नकारार्थी मान हलवली. नऊ मते नऊच राहिली आणि स्केलबरो लालांकडे गेले.

माझे काय करायचे हे कोणालाच सुचेना, म्हणून नॉर्मन मला खिशात टाकून घेऊन गेला. आता मी थ्वेट आजीच्या स्वयंपाकघरात, शब्दकोडी सोडवायच्या कपात राहते. तिच्या सुजलेल्या बोटांची मला सवय झाली आहे, आणि कोणावर माया जडण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे.

रविवारी नॉर्मन जेवायला आला. भांडी विसळता विसळता पाठमोराच म्हणाला, “आई, त्या दिवशी फुली नीट मारलीस ना?”

“मारली की,” आजी म्हणाली. “चांगली गडद.”

तो वळला. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. तो पुढे काहीतरी विचारणार होता, असा मला दाट संशय आहे. पण त्याने विचारले नाही. त्याने बशी पुसली आणि जागेवर ठेवली.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. पेन्सिलीने झिजायचेच असते. पण तुमच्या घरात कोणी थकलेले माणूस असेल, तर त्याला मतदानाला जरूर घेऊन जा. गाडीतून न्या, हात धरून पायऱ्या चढवा. आडोशापाशी पोहोचलात की मात्र हात सोडा आणि लांब जाऊन उभे राहा. आत त्याला हवा तेवढा वेळ घेऊ द्या. नाहीतर त्याच्या एका मताच्या दोन फुल्या होतील, आणि ते मत ना तुमचे राहील, ना त्याचे.